दोडक्याला घाई नसते

समजा, तुम्हाला दोडक्याच्या मांडवाखाली उभं केलंय. डाव्या हातात मादी फुलाची कळी आहे, तिच्या बुडाशी करंगळीएवढा कोवळा दोडका. कळीवर दुपारीच बटर पेपरची टोपी चढवून ठेवलेली. उजव्या हातात नर फूल. टोपी काढायची, नर फुलाच्या पाकळ्या मागं दुमडायच्या, आतला पिवळा पराग मादीच्या मधल्या हिरवट गाठीवर अलगद फिरवायचा, टोपी परत घालायची, देठाला लाल दोरा बांधायचा. झालं. आता हेच पन्नास वेळा करा. मान वर, हात वर, आणि मध्ये एकाही मधमाशीला लुडबुड करू न देता.

यातला अवघड भाग मात्र याच्याही आधीचा. वाट बघायची. नर फूल उघडत नाही तोवर पराग सुटत नाही, आणि फूल तुमच्या सोयीनं उघडत नाही. ज्याला वाट बघणं जमत नाही त्यानं क्रॉसिंगच्या, म्हणजे हातानं पराग लावायच्या, कामात पडू नये, असं होन्नव्वाचं स्पष्ट मत होतं. हे मत ती टोळीतल्या पाचही बायकांना रोज ऐकवायची, आणि ऐकवताना स्वतः मांडवाखाली पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी फेऱ्या मारत असायची.

कर्नाटकातल्या राणेबेन्नूरच्या त्या पट्ट्यात बियाण्यांचे प्लॉट घरटी एक. कुणाकडं टोमॅटो, कुणाकडं मिरची. होन्नव्वाची टोळी दोडक्यावर. अकरा वर्षं झाली. तिच्या हाताखालच्या बियाण्यात भेसळ निघाली असं एकदाही झालं नव्हतं, आणि ही गोष्ट ती फार वेळा सांगत नसे, दिवसातून तीन-चारदाच. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज शेडनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विनासायास जाणारा. घरात घाई, शेतात घाई. जेवायला बसली की दुसऱ्या भाकरीच्या आधी हात धुवायचं पाणी कुठं आहे ते बघणार. अशा बाईला देवानं दोडका दिला, हा त्याचा विनोद.

त्या वर्षी कंपनीनं नवा सुपरवायझर पाठवला. शिवयोगी. धारवाडला शेतीची पदवी घेतलेला, गळ्यात ओळखपत्र, खिशात तापमापक. आल्या आल्या त्यानं शेडनेटच्या खांबाला एक छापील कागद चिकटवला. तापमान बत्तीसच्या वर असेल तर टोळीनं चार वाजता हजर राहायचं, अठ्ठावीसच्या खाली असेल तर साडेपाचला. उष्णतेनं फुलं लवकर उघडतात, थंडीत उशिरा, असं त्याचं गणित.

होन्नव्वाला लिहिता-वाचता जेमतेम यायचं, पण गणित तिला पटलं. उन्हाळ्यात विरजण चार तासांत लागतं, थंडीत रात्र घेतं. केळी गवतात घालून ऊब दिली की दोन दिवसांत पिकतात. ऊन वाढलं की सगळंच पळायला लागतं, मग फूल काय वेगळं असणार? अकरा वर्षं ती टोळीला घेऊन पाचच्या सुमाराला प्लॉटवर यायची, ते सवयीनं. सवय का पडली, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

म्हणून माघातल्या त्या तापल्या आठवड्यात सहाही बायका चारला येऊन बसायच्या. बसायच्या म्हणजे बसायच्याच. कळ्या मिटलेल्या, टोप्या घातलेल्या, पान-तंबाखूचे बटवे उघडलेले.

"काय हो सर," होन्नव्वाची धाकटी जाऊ फकीरव्वा विचारायची, "नवरदेव कुठवर आलाय? आम्ही वऱ्हाडी कधीपासनं मांडवात बसलोय."

"उघडतील आत्ता," शिवयोगी तापमापकाकडं बघत म्हणायचा. "तेहतीस आहे."

"तेहतीस तुमच्या कांडीला ठाऊक. फुलाला कुणी सांगितलंय का?"

बायका हसायच्या. होन्नव्वाही हसायची, पण त्या आठवड्यात तिचं हसू ओठांपुरतंच होतं. तिच्या डोक्यात गुरुवार होता.

तिची लेक कस्तूरी ब्याडगीला दिलेली. सातवा महिना लागला होता आणि गुरुवारी तिचं कुबस, म्हणजे डोहाळजेवण, होतं. आईनं हिरवं लुगडं, हिरवा खण, हिरव्या बांगड्या घेऊन जायचं, लेकीला नेसवायचं, ओटी भरायची. बरोबर नात्यातल्या बायकांनी डोक्यावर बुट्ट्या घेऊन जायचं. पुरणपोळ्या, कडक भाकरी, करंज्या, शेंगाचटणी. आणि होन्नव्वाच्या नात्यातल्या बायका म्हणजे बहुतेक तिची टोळीच.

दुपारी ठेवा, असं तिनं विहीणबाईंना फोनवर सांगून बघितलं होतं.

"दुपारी कसं जमेल?" विहीणबाई म्हणाल्या. "मठातल्या अय्यनवरांनी मुहूर्त संध्याकाळचाच सांगितलाय. दिवस बुडायच्या आत ओटी पडली पाहिजे. साडेसहा धरा. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, पोरीची आत्या आहे की इथं, ती भरेल."

"जमत नसेल असं कोण म्हणालं?"

"नाही, म्हणजे पोरीच्या लग्नात हळदीला तुम्ही जेवणं झाल्यावर पोचला होता ना, म्हणून म्हटलं. सगळ्या गावाला ठाऊक आहे, तुम्ही फुलांची लग्नं लावत फिरता. लेकीच्या वेळेला कुठनं सवड मिळणार?"

होन्नव्वानं फोन ठेवला तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कारण हळदीचं खरं होतं. कस्तूरी तेव्हा काही बोलली नव्हती, आणि तेच होन्नव्वाला जास्त लागलं होतं.

हिशोब सोपा होता आणि वाईट होता. फुलं उघडायची पाचच्या आसपास. मग सहा बायकांनी नर बेडवर, म्हणजे नर वेलांच्या वेगळ्या वाफ्यावर, जाऊन फुलं तोडायची, मादी बेडवर यायचं, क्रॉसिंग करायचं, पुन्हा जायचं. सात कधी वाजायचे कळायचं नाही. ब्याडगी अर्ध्या तासावर. आणि शिवयोगीनं बजावलेलं, हा आठवडा ऐन भराचा आहे, एकही संध्याकाळ चुकता कामा नये. चुकली तर त्या दिवसाची तीनशे फळं गेली, आणि पुढच्या हंगामाला टोळी दुसरी.

मंगळवारी सकाळी भाकऱ्या थापता थापता तिला युक्ती सुचली. मादी कळी मिटलेली असली तरी हातानं उकलून घेता येते, ती कुरकुर करत नाही. अडलंय ते नराच्या परागापाशी. मग नराला घाई करायला लावली तर? ऊब द्यायची!

त्या दिवशी तिनं दुपारी दोनलाच नर बेडवरून शंभरेक कळ्या तोडल्या. नुकत्याच केलेल्या गरम भाकऱ्यांची बुट्टी होती, त्यात भाकऱ्यांवर फडकं, फडक्यावर कळ्या, वरून आणखी एक फडकं, झाकण, आणि सगळ्यावर जुनं घोंगडं. बुट्टी पत्र्याच्या शेडपाशी उन्हात ठेवली.

"अक्का, हे काय?" फकीरव्वानं विचारलं. "कळ्यांना ताप आलाय का?"

"बघत राहा. साडेतीनला उघडतात की नाही."

"नासून जातील. माझं ऐक, थोड्या गारव्याला ठेवू. निदान आपलं संध्याकाळचं काम तरी बुडायचं नाही." फकीरव्वानं ओंजळभर कळ्या उचलल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि पाण्याच्या मडक्याला टेकून सावलीत एका रिकाम्या मातीच्या घागरीत झाकून ठेवल्या. जावेवर तिचा विश्वास होता, पण पैज लावण्याइतका नव्हता.

साडेतीन वाजले. होन्नव्वानं झाकण उघडलं. कळ्या घट्ट. झाकण लावलं. पावणेचारला उघडलं. घट्ट.

"अगं, दर दहा मिनिटांनी झाकण काढलंस तर ऊब राहील कशी?" फकीरव्वा म्हणाली. "पोरीचं स्थळ बघायला आल्यासारखी सारखी काय डोकावतेस?"

सव्वाचारला शिवयोगी आला. घोंगड्याखाली बुट्टी बघून त्याला वाटलं, आज जेवण आहे. झाकण काढलं तर आत भाकऱ्यांवर निजलेल्या कळ्या.

"अव्वा, हे कंपनीचं नर मटेरियल आहे!"

"मग मी काय खायला ठेवलंय?" होन्नव्वा म्हणाली. मग आवाज उतरवून तिनं सगळं सांगितलं. कुबस, साडेसहा, विहीण. पोरगा धाकट्या भावासारखाच म्हणून ती त्याला तम्मा म्हणायची. "तम्मा, तूच लिहिलंयस ना खांबावर, उष्णतेनं लवकर उघडतात म्हणून? मी ऊब दिलीय. आता तुझा कागद खरा कर."

शिवयोगी रागावणार होता, पण त्याच्या आत बसलेला विद्यार्थी त्याच्याआधी जागा झाला. त्यानं तापमापक काढला. बुट्टीत अडतीस. घागरीत तेवीस. वेलावर बत्तीस. तिन्ही आकडे हातावर लिहून घेतले आणि उकिडवा बसून राहिला. शेजारी होन्नव्वा, तिच्यामागं फकीरव्वा, तिच्यामागं बाकीच्या चौघी.

साडेचार. काही नाही. पावणेपाच. काही नाही.

पाचला दहा कमी असताना बुट्टीतल्या एका कळीचं टोक सैल पडलं. मग दुसरीचं. "आलं!" कुणीतरी ओरडलं. त्याच वेळी घागरीपाशी गेलेली फकीरव्वा ओरडली, "अगं, इकडं पण!" आणि मांडवाखालून तिसरी म्हणाली, वेलावरच्या पण.

घागरीतल्या कळ्या जरा आळसावलेल्या होत्या, पाकळ्या पसरायला त्यांनी थोडा जास्त वेळ घेतला. पण सुरुवात तिन्ही ठिकाणी जवळपास एकदमच. भाकरीच्या वाफेतली, मडक्याच्या गारव्यातली आणि उन्हातली, तिघींना कुणी कानात सांगितल्यासारखी.

"घागरीत अंधार होता," फकीरव्वा हळूच म्हणाली. "सूर्य बघून उघडतात म्हणावं तर त्यांना सूर्य दिसला कुठं?"

शिवयोगीच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की बघणाऱ्याला वाटावं, याचंच कुबस आहे. "अव्वा, काय भारी आहे हे! तुम्ही प्रयोग केलात, प्रयोग! गरम, गार, मधलं..."

"तुझा आनंद तुझ्यापाशी ठेव," होन्नव्वा म्हणाली. "माझी लेक तिकडं दुसरीकडनं ओटी भरून घेणार आहे." आणि ती नर फुलं घेऊन मांडवाखाली निघून गेली. त्या संध्याकाळी शेडनेटमध्ये तिचा आवाज आला नाही. पाचही बायकांना ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं.

बुधवारी शिवयोगी आला तो कॉलेजची जुनी वही घेऊन.

"झाडाच्या आत घड्याळ असतं," त्यानं जाहीर केलं. "रोज पहाटेच्या उजेडावर ते आपली वेळ लावून घेतं, आणि मग अंधारात कोंडलं तरी दिवसभर आपलं आपण चालतं. आणि मुख्य गोष्ट, उष्णता वाढली म्हणून पुढं पळत नाही, थंडी पडली म्हणून मागं राहत नाही. पार गोठवलं किंवा भाजलं तर गोष्ट वेगळी. हे आम्हाला होतं शिकायला."

"होतं शिकायला?" फकीरव्वानं खांबाकडं बोट केलं. "मग तो कागद?"

शिवयोगीनं मान खाजवली. "परीक्षेत त्याच्याऐवजी दुसरा प्रश्न सोडवायची मुभा होती. मी दुसरा सोडवला."

बायका इतक्या हसल्या की नेटवरचा साळुंक्यांचा थवा उडाला. फकीरव्वानं तर त्याचं नावच पाडलं, दुसरा प्रश्न. "अहो दुसरा प्रश्न, चहा घेणार का?" शिवयोगीनं निमूटपणे कागद फाडला आणि खिशात घातला.

होन्नव्वा हसत नव्हती. ती घागरीकडं बघत होती.

"तम्मा, गार असो, गरम असो, ते पाचला दहा कमीलाच उघडणार. नक्की?"

"चार-पाच मिनिटं इकडंतिकडं. नक्की."

"उद्या आभाळ आलं तरी?"

"तरी."

"मग आपण मूर्ख आहोत," होन्नव्वा म्हणाली. "अकरा वर्षं मी फूल उघडल्यावर कामाला लागते. उघडेल की नाही, कधी उघडेल, या घोरात हातावर हात धरून बसते. जो पाहुणा ठरल्या मिनिटाला दारात येणारच, त्याच्यासाठी तो आल्यावर चूल पेटवायची?"

गुरुवारी दुपारी तीनपासून प्लॉटवर जी तयारी चालली, तशी त्या गावात लग्नाचीही झाली नसेल. तीनशे लाल दोरे एका मापाचे कापून प्रत्येक मादी कळीच्या देठाला सैल अडकवून ठेवले. कागदी टोप्या अर्ध्या ढिल्या केल्या. नर कळ्या चारला तोडून, ताटांत रांगेनं मांडल्या, ताटं जाळीनं झाकली, आणि प्रत्येक बाईच्या ओळीत पाच-पाच पावलांवर ठेवली. नर बेड ते मादी बेड अशी जी वारंवार पायपीट व्हायची, ती पुसूनच टाकली. मधमाशा शिरू नयेत म्हणून नेटची दोन भोकं फकीरव्वानं स्वतःच्या जुन्या परकराच्या तुकड्यांनी शिवली. बायका नव्या लुगड्यांवर जुने शर्ट चढवून उभ्या. बाहेर कंपनीचा छोटा टेम्पो, त्यात बुट्ट्या. टेम्पो कसा मिळाला हे शिवयोगीनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

साडेचारला आभाळ भरून आलं. वारा गार झाला. तापमापक सत्तावीसवर आला.

"दुसरा प्रश्न," फकीरव्वा कुजबुजली, "आज जर उशीर झाला ना, तर अक्का तुम्हालाच बुट्टीत घालून घोंगडं टाकेल."

शिवयोगीला घाम फुटला होता. वहीतलं वाचणं वेगळं आणि होन्नव्वाच्या शेजारी घड्याळ बघत उभं राहणं वेगळं. ती मात्र फेऱ्या मारत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ती शांत उभी होती, ताटातल्या एका कळीवर डोळे लावून.

पाचला आठ कमी असताना कळीचं टोक सुटलं. पिवळी घडी हळूहळू उलगडली. होन्नव्वानं नखानं पराग टिपून बघितला. सुटा, कोरडा, चिकटणारा.

"चला गं!"

पुढची पन्नास मिनिटं कुणी बोललं नाही. टोपी, पराग, टोपी, दोरा. टोपी, पराग, टोपी, दोरा. एरवी गाणी म्हणत, सासवांच्या चुगल्या करत चालणारं काम त्या दिवशी शिलाई मशीनसारखं चाललं. पावणेसहाला होन्नव्वानं शेवटच्या ओळीतून उलट चालत येत प्रत्येक दोरा बघितला. दोन सुटले होते, ते बांधले. टेम्पोत फकीरव्वा ओरडत होती, "अक्का, ती फुलं आहेत, पोरं नाहीत! टाटा करायची गरज नाही!"

ढग पांगले होते आणि सूर्य अजून झाडांच्या शेंड्यावर होता तेव्हा टेम्पो ब्याडगीच्या घरासमोर थांबला. विहीणबाई दारात. त्यांनी आधी बुट्ट्या मोजल्या, मग होन्नव्वाकडं बघितलं. मनगटापासून कोपरापर्यंत हात पिवळे, कपाळावर पिवळा पट्टा, कानामागं एक पाकळी.

"आलात?" विहीणबाई म्हणाल्या. "हळद घरूनच लावून आलात वाटतं. मागच्या वेळची राहिली होती म्हणून?"

"व्याजासकट लावलीय," होन्नव्वा म्हणाली, आणि सरळ आत गेली.

कस्तूरी पाटावर बसली होती. आत्याबाई खण हातात घेऊन तयार. आईला बघून कस्तूरी पुढं झुकली. तिनं आत्याच्या हातातला खण घेतला आणि आईच्या हातात दिला. होन्नव्वानं हिरवं लुगडं लेकीच्या खांद्यावर टाकलं, बांगड्या चढवल्या, ओटी भरली. सगळं सावकाश केलं. इतकं सावकाश की फकीरव्वानं दोनदा तिच्याकडं वळून बघितलं, ही आपलीच जाऊ आहे ना म्हणून.

पंगतीत, टेम्पोबरोबर आलेल्या शिवयोगीच्या पानात तिसरी पुरणपोळी वाढताना होन्नव्वा त्याच्यासमोर बसली. लेक हसत होती, विहीण गप्प होती, सगळं मनासारखं झालं होतं. पण बाईच्या मनात काहीतरी टोचत होतं.

"तम्मा, एक सांग. चैत्रात ऊन वाढलं की हाच वेल एका रात्रीत दोन वीत वाढतो. फळ चार दिवस आधी धरतं. पान लवकर येतं, लवकर वाळतं. म्हणजे ऊन आत शिरून सगळ्याला पळवतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग ते घड्याळही त्याच पानात, त्याच रसात बसलंय ना? लोखंडाचं तर नाही?"

"नाही."

"मग त्यालाच कसं नाही पळवत?"

शिवयोगीनं पुरणपोळीचा घास हातातच धरला. "असं म्हणतात अव्वा, की आत काही गोष्टी घड्याळाला पुढं ढकलतात आणि काही मागं ओढतात. ऊन वाढलं की ढकलणारे जोरात ढकलतात, आणि ओढणारेही तेवढ्याच जोरात ओढतात. म्हणून काटा जिथल्या तिथं. पूर्ण उलगडलंय असं कुणी म्हणत नाही. काम चालू आहे अजून."

"तेवढ्याच जोरात?" होन्नव्वा पुढं सरकली. तुपाची वाटी तिच्या हातात तशीच राहिली. "माझ्या टोळीत सहाजणी आहेत, तरी दोघींचा हात सारखा चालत नाही. ऊन तर रोज वेगळं. आज सत्तावीस, परवा बत्तीस, तिकडं बुट्टीत अडतीस. मग ढकलणाऱ्यानं आज किती जोर लावलाय, हे ओढणाऱ्याला कळतं तरी कसं?"